जुन्या फोटोंच्या प्रती विकून इतिहास मंडळासाठी निधी कसा उभा करावा

कपाटात खोकी भरून जुने फोटो, आणि खात्यात पुढच्या प्रदर्शनापुरतेही पैसे नाहीत. स्थानिक इतिहास मंडळात काम करणाऱ्या प्रत्येकाला ही अवस्था ठाऊक आहे. फोटोंच्या प्रती विकून निधी नक्की उभा राहतो. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका: विकायची ती प्रत. कितीही चांगली किंमत आली तरी मूळ फोटो विकायचा नाही. तो एकदा कुणाच्या खासगी संग्रहात गेला की अभ्यासकाच्या दृष्टीआड होतो, आणि ज्या घराने विश्वासाने दिला त्या घराला आपण तोंड दाखवू शकत नाही.

पहिलं काम: हक्क कोणाचा ते बघा

फोटो आपल्या ताब्यात आहे म्हणजे तो छापून विकायचा हक्कही आपला, असं अजिबात नाही. कॉपीराइट साधारणपणे छायाचित्रकाराचा, स्टुडिओचा किंवा त्यांच्या वारसांचा असतो. मुदत देशागणिक वेगळी. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात फोटोंसाठी किमान २५ वर्षं धरली आहेत. पण युरोपीय संघात छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, तर भारतात २०१२ च्या कायदादुरुस्तीपासून छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. म्हणून फोटोच्या मागचा किंवा पुठ्ठ्यावरचा स्टुडिओचा शिक्का आधी वाचा.

ज्यांनी फोटो दिला त्यांच्याकडून लेखी परवानगी घ्या. त्या कागदावर तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: प्रदर्शनात लावू का, प्रती विकू का, पुस्तकासाठी किंवा जाहिरातीसाठी देऊ का. अनेक जण पहिल्या दोन्हींना आनंदाने हो म्हणतात आणि तिसऱ्याला नाही. तो नकार पाळायचाच. दुःखाच्या प्रसंगाचे, आजारी माणसांचे किंवा हयात माणसांना अवघडून टाकणारे फोटो हक्क असला तरी विकायला काढू नका.

निवड

हजार फोटोंतून सुरुवातीला वीस-तीसच निवडा. मान्यवरांचे हारतुरे घातलेले फोटो सहसा पडून राहतात. खपतात ते रस्ते, पूल, दुकानांच्या पाट्या, महापूर, कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारे कामगार, शाळेचे गटफोटो. ज्या फोटोसमोर माणसं वाकून बोट ठेवतात, तो निवडा.

स्कॅनिंग

इथे घाई करू नका, कारण हे काम एकदाच नीट करायचं असतं. फोटो कडेने धरा. निगेटिव्ह हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. मऊ ब्रशने धूळ झटका, ओलं फडकं लावू नका. फोटो ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून पूर्ण दर्जाची टिफ फाइल जपून ठेवा आणि कामासाठी तिची जेपेग प्रत काढा. ४ × ६ इंचांचा फोटो असा स्कॅन केला की २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० डीपीआयने ८ × १२ इंचांची चांगली प्रत निघते. लहान निगेटिव्हला याहून बरंच जास्त रिझोल्यूशन लागतं.

फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. कडा कापू नका. आज निरुपयोगी वाटणाऱ्या कोपऱ्यातच एखादी पाटी असते.

जुन्या फिल्मला व्हिनेगरसारखा वास आला तर ती अ‍ॅसिटेट या प्लास्टिकची आहे आणि खराब होऊ लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म तर सहज पेट घेते. शंका आली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय तिला हात लावू नका.

फोटोखालची माहिती

माझ्या मते खरी किंमत इथे ठरते. आमच्याकडे एका शाळेचा गटफोटो होता. मागे फक्त ‘इयत्ता सातवी’ लिहिलेलं. प्रदर्शनात एक आजी त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, मग दुसऱ्या रांगेत वेणी पुढे घेतलेल्या मुलीवर बोट टेकवून म्हणाल्या, “ही मी.” तिथेच खुर्चीवर बसून त्यांनी अकरा जणींची नावं सांगितली. तोवर त्या फोटोची एकही प्रत गेली नव्हती. नावांसह पुन्हा छापला, तेव्हा त्या अकरा घरांतली मुलं-नातवंडं प्रत मागायला आली.

म्हणून विक्रीच्या आधी फोटो वयस्कर माणसांना दाखवा. ते सांगतील ते सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह वहीत उतरवा. मूळ फोटोच्या मागे लिहायचंच झालं तर मऊ पेन्सिलीने, फोटोच्या कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. खात्री नसेल तिथे ‘अंदाजे’ लिहा. चुकीचं वर्ष एकदा छापलं गेलं की ते लोकांच्या घरातल्या भिंतींवर जाऊन बसतं.

छपाई आणि दर

आम्लरहित कागद आणि पिगमेंट शाई वापरा, रंग जास्त टिकतो. ओरखडे पुसले तर तसं नमूद करा. कृष्णधवल फोटोत रंग भरून तो ‘मूळ’ म्हणून विकू नका. प्रतीच्या मागे फोटोचा नोंद क्रमांक, माहिती आणि मंडळाचं नाव छापा.

दर ठरवताना छपाई, कागद, वेष्टन आणि टपाल यांचा खर्च आधी मांडा, मग निधीचा वाटा मिळवा. घरात लावायच्या प्रतीचा दर आवाक्यातला ठेवा. पुस्तक, माहितीपट किंवा जाहिरातीसाठी वेगळं शुल्क आणि लेखी परवाना ठेवा. कोणत्या कामासाठी, किती काळ, किती प्रती, हे त्यात स्पष्ट हवं.

विक्री

आधी छापून गठ्ठे रचू नका. नमुना प्रती मांडा, मागणी नोंदवा, थोडी रक्कम आगाऊ घ्या आणि मग छापा. इंटरनेटवर टाकताना लांब बाजू सुमारे १००० पिक्सेलचीच ठेवा. हिशेब स्वतंत्र वहीत लिहा आणि आलेला पैसा कशावर जाणार ते मेजावरच पाटी लावून सांगा: ‘निगेटिव्हसाठी आम्लरहित पाकिटं’ असं नेमकं लिहिलं की लोक मोकळ्या हाताने देतात.

आणि प्रत हातात देताना एक प्रश्न जरूर विचारा: “तुमच्या घरी असे काही फोटो आहेत का?” असतील तर स्कॅनर घेऊन त्यांच्याकडे जा, त्यांच्यासमोर स्कॅन करा आणि मूळ फोटो तिथेच परत द्या.