राऊंडवर शिकवताना या चुका टाळा

वॉर्डमध्ये शिकवताना सर्वाधिक नुकसान करणारी चूक म्हणजे शिकणाऱ्याचा विचार पूर्ण होण्याआधीच निदान सांगून टाकणे. धाप लागलेल्या रुग्णाची केस इंटर्न सादर करत असतो आणि तिसऱ्याच वाक्याला "हार्ट फेल्युअर आहे, लॅसिक्स द्या" (लॅसिक्स म्हणजे शरीरातील जादा पाणी लघवीवाटे काढणारे औषध) असे म्हणून शिक्षक पुढच्या खाटेकडे वळतात. उपचार योग्य असतो, परंतु मानेतील शीर फुगली आहे का, पायांवर सूज आहे का, फुप्फुसांच्या तळाशी क्रेप्स (श्वास घेताना येणारे चरचर आवाज) ऐकू येतात का, या निरीक्षणांवरून निदानापर्यंत कसे पोहोचायचे, हे त्या इंटर्नला कळतच नाही. १९९२ मध्ये मांडल्या गेलेल्या 'वन मिनिट प्रिसेप्टर' पद्धतीचा क्रम येथे उपयोगी पडतो. आधी "तुला काय वाटते?" असे विचारून त्याला एका निदानावर यायला लावावे, मग "कशावरून?" असे विचारावे, त्यानंतर एकच सर्वसाधारण नियम शिकवावा, जे बरोबर केले ते सांगावे आणि मग चूक दुरुस्त करावी. प्रश्न विचारून काही सेकंद गप्प राहणे हाच यातील अवघड भाग आहे, विशेषतः ओपीडीबाहेर रांग लागलेली असताना. तरीही ते जमवावेच.

उत्तर चुकल्यावर सर्वांदेखत पाणउतारा करणे केवळ अशिष्ट नाही, ते रुग्णासाठी धोक्याचे आहे, कारण धास्तावलेला विद्यार्थी पुढच्या वेळी न ऐकलेले क्रेप्सही 'ऐकले' म्हणतो.

केस ऐकायची, पण विद्यार्थी रुग्णाला तपासतो कसा हे कधीच पाहायचे नाही, ही चूक तितकीच सार्वत्रिक आहे. रोज एका विद्यार्थ्याची तपासणी दहा मिनिटे शांतपणे पाहावी आणि लगेच नेमके सांगावे. "छान" या शब्दाने काहीच कळत नाही. "पोटाला हात लावण्याआधी कुठे दुखते ते विचारलेस, हे योग्य, पण दाबताना रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहिले नाहीस" यातून पुष्कळ कळते. २०१९ पासूनच्या क्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रमात लॉगबुक (विद्यार्थ्याची नोंदवही) आहे ते अशाच नोंदींसाठी. पोस्टिंग (विभागातील नेमणूक) संपताना त्यावर एकगठ्ठा सह्या करू नयेत.

रुग्णाची परवानगी न घेता खाटेभोवती घोळका करणे आणि त्याच्या डोक्यावरून इंग्रजीत चर्चा करणेही टाळावे. राऊंड पुढे सरकण्याआधी केस सादर करणाऱ्यानेच, काय ठरले ते रुग्णाला मराठीत समजावून सांगावे आणि शिक्षकाने तेथे उभे राहून ते ऐकावे.