क्लस्टरवरची कर्नल एरर आणि साडेपाच तासांचा घोळ

ठाणे-बेलापूर रोडवर डेटा सेंटरं आहेत तोवर ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात लिनक्स अ‍ॅडमिनच्या जागा निघत राहणार आणि नव्या माणसाला बहुतेक वेळा नाइट शिफ्टच मिळणार. आरएचसीएसए (रेड हॅटची लिनक्स अ‍ॅडमिनची परीक्षा) झालंय, लॅपटॉपवर दोन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) उभे करून पेसमेकर (एक सर्व्हर पडला की काम दुसऱ्यावर नेणारं क्लस्टर सॉफ्टवेअर) चालवून बघितलाय, एवढी शिदोरी सुरुवातीला पुरते. घाबरू नका, खरंच पुरते. फक्त लॅबमध्ये होस्टही, म्हणजे ज्या मशीनवर व्हीएम चालतात तोही, तुमचाच असतो. नोकरीत होस्ट दुसऱ्या टीमकडे असतो आणि तुम्हाला तिथे लॉगिनसुद्धा नसतं. सगळा त्रास तिथून सुरू होतो.

रात्री दोनच्या सुमारास अलर्ट येतो: एक नोड (क्लस्टरमधला सर्व्हर) फेन्स झाला, म्हणजे क्लस्टरने तो जबरदस्तीने बाजूला काढला, आणि डेटाबेस दुसऱ्यावर गेला. लॉग उघडला की ओळ दिसते, ‘बग: सॉफ्ट लॉकअप, सीपीयू 3 स्टक फॉर 23 सेकंद’. ‘बग’ हा शब्द वाचला की कॉलवरचे सगळे कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मागे लागतात. कोणी व्हर्जन शोधतो, कोणी व्हेंडरकडे तिकीट टाकतो, कोणी शनिवारी पॅचिंग लावून मोकळा होतो.

मुळात तो मेसेज काय सांगतो ते बघा. वॉचडॉग म्हणजे सीपीयू अडकलाय का ते बघणारी कर्नलची सोय. वॉचडॉग थ्रेशोल्ड डीफॉल्टने 10 सेकंद असतो आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे 20 सेकंद, एखाद्या सीपीयूवर वॉचडॉगला चालायला मिळालं नाही की कर्नल ओरडतो. फिजिकल सर्व्हरवर याचा अर्थ बहुधा कर्नलमध्येच काहीतरी अडकलंय. व्हीएमवर आणखी एक शक्यता असते: होस्टने तेवढा वेळ व्हीएमला सीपीयू दिलाच नाही. बॅकअपने स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची नोंद) घेतला, नंतर तो काढताना डिस्क एकत्र केली, आणि त्यात व्हीएम काही सेकंद गोठवला गेला. व्हीएमला स्वतःला हे कळत नाही. जागा झाल्यावर घड्याळ पुढे गेलेलं दिसतं आणि तो स्वतःच्याच सीपीयूवर आळ घेतो.

वीस सेकंदांपेक्षा कमी थांबला तर कर्नल गप्पच राहतो, पण क्लस्टर मात्र थांबत नाही. नोड एकमेकांशी बोलतात ते कोरोसिंकमधून. कोरोसिंकचा टोकन टाइमआउट, म्हणजे गप्प नोडची वाट बघायची मुदत, जुन्या आवृत्त्यांत 1000 मिलीसेकंद होता, 3.1 पासून 3000 आहे. म्हणून आधी कोरोसिंकचा लॉग बघायचा. ‘कोरोसिंक मेन प्रोसेस वॉज नॉट शेड्यूल्ड फॉर’ आणि पुढे मिलीसेकंदांचा आकडा, अशी ओळ सापडली तर कर्नलचा स्टॅक ट्रेस (त्या वेळी चालू असलेल्या फंक्शनची यादी) बाजूला ठेवा. प्रोसेसला तेवढा वेळ सीपीयू मिळाला नव्हता, हे तिथे लिहून ठेवलेलं असतं.

आता ज्यात मी अडकलो आणि नंतर आलेला प्रत्येक जण अडकताना पाहिला, तो खड्डा. तुम्ही होस्ट सांभाळणाऱ्या व्हीएमवेअर टीमला विचारता, ‘2:10 ला होस्टवर काय झालं?’ उत्तर येतं, ‘काहीच नाही, सगळं क्लीन.’ तो माणूस खोटं बोलत नसतो. ईएसएक्सआयचे (होस्टवरच्या व्हीएमवेअर सॉफ्टवेअरचे) लॉग यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेत, असतात. आपली 2:10 तिथे 20:40 असते, आणि तीही आदल्या तारखेची! त्याने आजच्या तारखेत 02:10 पाहिलं, म्हणजे आपल्याकडचं सकाळचं 7:40. तेव्हा बॅकअप केव्हाच संपलेला असतो. तारीखसुद्धा बदलते, हे मुद्दाम पुन्हा सांगतो, कारण तास वजा करणारेही तारीख विसरतात. मेलमध्ये दोन्ही वेळा तारखेसकट लिहा आणि त्या व्हीएमच्या फोल्डरमधली व्हीएमवेअर लॉग फाइल मागा. तिच्यात ‘व्हीएम स्टॉप्ड फॉर’ किंवा ‘व्हीएम वॉज स्टन्ड फॉर’ अशी ओळ असते, आकडा मायक्रोसेकंदांत. 2,31,00,000 दिसलं तर ते 23.1 सेकंद. तुमच्या 23 सेकंदांशी जुळलं की वाद संपतो.

हे मला शिकवलं व्हर्च्युअलायझेशन टीममधल्या एका ताईंनी, महापेच्या टपरीवर कटिंग पिता पिता. माझ्या टीममधले सीनियर तोवर ‘रिबूट मार, आरसीए (मूळ कारणाचा शोध) सकाळी बघू’ एवढंच म्हणायचे. माझं मत विचाराल तर गुरू शेजारच्या टीममध्ये शोधावा. आपल्या टीममधले बरेच जण आपल्याइतकेच अंधारात असतात, फक्त आवाज मोठा.

‘टॉप’ कमांडमधला ‘एसटी’ (होस्टने न दिलेला सीपीयूचा वेळ) शून्य आहे म्हणून होस्ट निर्दोष, असंही समजू नका. केव्हीएमवर (लिनक्सच्या स्वतःच्या व्हर्च्युअलायझेशनवर) तो आकडा बोलतो. व्हीएमवेअरवर बहुतेक ठिकाणी तो गेस्टपर्यंत, म्हणजे व्हीएमपर्यंत, पोहोचतच नाही. तिथे होस्टवरचा रेडी टाइम आणि को-स्टॉप (व्हीएम सीपीयूसाठी किती ताटकळला त्याचे आकडे) मागावा लागतो.

मग शॉर्टकट सुरू होतात. वॉचडॉग थ्रेशोल्ड शून्य केला की मेसेज बंद होतो, आणि खरा लॉकअप आला तरी कोणाला कळत नाही. ‘सॉफ्टलॉकअप पॅनिक’ (लॉकअप दिसताच कर्नल पाडणारी सेटिंग) 1 करून ठेवणारे त्याहून भारी: स्नॅपशॉटने नुसता गोठलेला सर्व्हर ते स्वतःच्या हाताने पाडतात. टोकन वाढवणं चालतं, पण गोठण्याचा खरा आकडा हातात आल्यावर. आणि दोन्ही नोड एकाच होस्टवर बसलेत का, तेही विचारा. अ‍ॅन्टी-अ‍ॅफिनिटीचा (नोड वेगळ्या होस्टवर ठेवण्याचा) नियम लावायचा राहून गेलेला असतो.

अर्थात दरवेळी होस्टच दोषी नसतो. तोच सीपीयू आणि तेच फंक्शन पुन्हा पुन्हा येत असेल, कोरोसिंकची ती ओळ नसेल, तर कर्नल किंवा बाहेरचं मॉड्यूल बघा. अँटीव्हायरस आणि बॅकअप एजंटची मॉड्यूलं आधी. ‘120 सेकंदांपेक्षा जास्त ब्लॉक्ड’ हा वेगळा मेसेज आहे, तो दिसला तर स्टोरेज टीमला उठवा.

खरा पॅनिक (कर्नल कोसळणं) असेल तर व्हीएमकोर, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची फाइल, हवा, आणि क्लस्टरमध्ये तोच हातचा जातो. केडम्प (ती फाइल लिहिणारी सोय) लिहीत असतानाच दुसरा नोड त्याला फेन्स करतो आणि हाती अर्धवट फाइल उरते. यासाठी फेन्स-केडम्प (‘डम्प चालू आहे, थांबा’ असं दुसऱ्या नोडला कळवणारं फेन्सिंग) पहिल्या पातळीवर आणि व्हीएमवेअरचं फेन्सिंग दुसऱ्या पातळीवर लावायचं. फेन्स-केडम्पचा निरोप यूडीपी 7410 या पोर्टवरून जातो. फायरवॉलमध्ये तो पोर्ट बंद असेल तर कॉन्फिगरेशन अगदी बरोबर दिसतं आणि डम्प तरीही मिळत नाही. टेस्ट क्लस्टरवर चेंज मंजूर करून मुद्दाम एकदा पॅनिक करून बघा, आणि सगळ्यात आधी डिस्कवर रॅमएवढी जागा मोकळी आहे का ते पाहा.