पहिल्यांदाच एक्सेल शिकवताय? या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांत स्टॉक आणि डिस्पॅच सांभाळणाऱ्या बारा जणांना मी पहिल्यांदा एक्सेल शिकवलं. तयारी भरपूर केली होती, पण सगळी माझ्या लॅपटॉपवर. वर्गातल्या मशीनवर निघालं एक्सेल २०१६. त्यात एक्सलूकअप, म्हणजे यादीतून हवी ती नोंद शोधून आणणारं सूत्र, नाहीच. ते २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये मिळतं. सूत्र टाइप केलं की प्रत्येकाच्या स्क्रीनवर ‘#नेम?’ ही एरर. तास तिथंच गेला. आदल्या दिवशी जाऊन शिकणाऱ्यांच्याच मशीनवर सगळी उदाहरणं करून बघा. विंडोजची तारीखपद्धतही तपासा. ती अमेरिकन असेल तर ५ एप्रिल म्हणून लिहिलेलं ५/४ हे ४ मे होतं, आणि १३/४ तारीख न राहता नुसता मजकूर बनतो.

माझी सर्वांत मोठी चूक होती, “समजलं का?” असं विचारणं. सगळे “हो सर” म्हणाले. मग टॉवेलच्या मापांची आणि दरांची यादी देऊन व्हीलूकअप (यादीतून शोधण्याचं जुनं सूत्र) करायला सांगितलं, तर चौघांच्या बिलात भलताच दर. शेवटचा ‘फॉल्स’ लिहायचा राहिला होता. तो नसला की एक्सेल जवळपासची जुळणी शोधतं. यादी चढत्या क्रमानं नसेल तर चुकीचा दर येऊ शकतो, आणि बऱ्याचदा एरर दिसतही नाही. असं बिल पार्टीकडे गेलं तर नोकरीवर बेततं. आता मी ते चुकीचं बिलच आधी पडद्यावर लावतो आणि विचारतो, यात कुठला दर खटकतोय? रोज दर हाताळणारी माणसं लगेच ओळखतात. त्यानंतर सूत्र.

शिकणारा अडला की त्याचा माउस हातात घेऊ नका. बोट दाखवा, थांबा.

मागच्या बाकावर दोघं तेलुगूत कुजबुजत होते, मी त्यांना गप्प केलं. नंतर कळलं, एक जण दुसऱ्याला सूत्रातली डॉलरची खूण (सूत्र कॉपी केलं तरी सेलचा पत्ता बदलू न देणारी) समजावत होता. सोलापूरच्या पूर्वभागात घराघरांत तेलुगू बोलतात. त्या भाषेत विषय पोचत असेल तर पोचू द्या.

मे महिन्यात दुपारची बॅच ठेवू नका. पारा चाळिशीच्या वर असतो आणि पंख्याखाली कुणाचं लक्ष टिकत नाही.

पिव्होट टेबल, म्हणजे मोठ्या यादीचा गोषवारा काढणारा तक्ता, मी शेवटच्या तासात उरकलं, कुणालाच आलं नाही. पुढच्या बॅचला ते वगळून व्हीलूकअपला आणखी एक दिवस दिला.