स्वल्पविरामाआधी क्रियापद शोधा: बेळगावात मजकुराच्या कामाला लागणाऱ्यांसाठी

मी बेळगावात मराठी मजकुराचं काम करते. सुरुवात मुद्रितशोधनापासून झाली, मग एका दैनिकात बातम्या नीट करायला लागले. आता भाषांतर आणि संपादनाचं काम जास्त असतं. सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, कन्नडमधून मराठीत आणायची परिपत्रकं, खरेदीखतं, असं सगळंच येतं. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलंमुली अधूनमधून भेटतात. मराठी माध्यमातून शिकलेली असतात, लिहायची हौस असते, आणि या कामात शिरायचं असतं. पहिला प्रश्न ठरलेला असतो: शुद्धलेखन पक्कं करायला काय वाचू?

ऱ्हस्व-दीर्घाची काळजी करायलाच हवी, पण शंका आली तर शब्दकोश उघडता येतो. वाक्य कुठे संपवायचं, कुठे जोडायचं आणि स्वल्पविराम कुठे द्यायचा, हे कोशात सापडत नाही. मजकूर हातात घेतला की अनुभवी माणूस आधी तेच बघतो. पहिल्या परिच्छेदातच त्याला कळतं की लिहिणाऱ्याला स्वतःच्या वाक्याचा सांगाडा दिसतो आहे की नाही.

नियम शोधायला गेलात तर आणखी एक अडचण येते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम एकूण १८. त्यांतले १४ नियम १९६२ साली आले, उरलेले ४ १९७२ साली. ते अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि काही शब्दांच्या लेखनाबद्दल आहेत, विरामचिन्हांबद्दल नाहीत. शाळेच्या व्याकरणात स्वल्पविरामावर दोन-तीन ओळी असतात: एकाच जातीचे शब्द लागोपाठ आले की द्यावा, संबोधनानंतर द्यावा. तेवढ्यावर बातमीसुद्धा नीट होत नाही, अहवाल तर दूरच.

याला इतिहासही आहे. मोडी लिपीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली शब्दही न तोडता लिहीत जायचं, अशी पद्धत होती. तिथे स्वल्पविरामाला जागाच नव्हती. विरामचिन्हं आली ती छपाईबरोबर, इंग्रजीतून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ती मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं, म्हणजे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला ज्यांचा हात लागला तेच. चिन्हं इंग्रजीची, पण वाक्य आपलं. इंग्रजीत कर्त्यामागून लगेच क्रियापद येतं, आपलं क्रियापद बहुतेक वेळा शेवटी बसतं. म्हणून इंग्रजीच्या नियमांनी मराठीत स्वल्पविराम देत गेलात तर वाक्य भलत्याच जागी तुटतं.

नवीन माणसाला मी एकच गोष्ट करायला सांगते. स्वल्पविराम देण्याआधी वाक्यातली पूर्ण क्रियापदं शोधा आणि पेन्सिलीने त्यांच्याखाली रेघ मारा. 'श्वास घ्यावा तिथे स्वल्पविराम' ही शिकवण अनेकांच्या डोक्यात पक्की बसलेली असते. मला ती अपुरी वाटते. प्रत्येकाचा श्वास वेगळा. शिवाय मोठ्याने वाचताना आपण कर्त्यानंतरही थांबतो, आणि नेमकं तिथेच चिन्ह नको असतं.

'पूर्ण क्रियापद' यातला 'पूर्ण' महत्त्वाचा. 'करून', 'गेल्यावर', 'असताना', 'झालेल्या' ही रूपं क्रियेची असली तरी ती वाक्य पुरं करत नाहीत. केवल वाक्यात एकच उद्देश्य आणि एकच विधेय असतं, हे आपण शाळेत पाठ करतो. त्यातून पुष्कळांचा समज होतो की केवल वाक्य म्हणजे छोटं वाक्य. तसं नाही. एक उदाहरण घेऊ. मलप्रभा नदी खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पुढे खानापूर गावावरून जाते.

कणकुंबीला जोराचा पाऊस झाल्यावर खानापुरात मलप्रभेचं पाणी चढतं.

हे केवल वाक्य. 'झाल्यावर' मोजायचं नाही, 'चढतं' एवढं एकच पूर्ण क्रियापद. स्वल्पविराम लागत नाही.

कणकुंबीला जेव्हा जोराचा पाऊस होतो, तेव्हा खानापुरात मलप्रभेचं पाणी चढतं.

हे मिश्र वाक्य. क्रियापदं दोन, आणि 'जेव्हा'चं वाक्य 'तेव्हा'च्या वाक्यावर अवलंबून. सांधा 'होतो'च्या पुढे आहे, म्हणून स्वल्पविरामही तिथेच.

कणकुंबीला जोराचा पाऊस होतो आणि खानापुरात मलप्रभेचं पाणी चढतं.

हे संयुक्त वाक्य. दोन्ही बाजू बरोबरीच्या. सांध्याचं काम 'आणि' करतं, त्यामुळे स्वल्पविराम नको.

तिन्ही वाक्यं बरोबर आहेत, पण ती एकच गोष्ट सांगत नाहीत. पहिल्या दोहोंत पाऊस आणि पाणी यांचा संबंध पक्का आहे. तिसऱ्यात दोन घटना शेजारी ठेवल्या आहेत, संबंध वाचणाऱ्याने जोडायचा. पूरस्थितीची बातमी असेल तर मी पहिलं घेईन. तालुक्याचं वर्णन चालू असेल तर तिसरंही छान वाटेल. कुठलं वाक्य निवडायचं हे अर्थावरून ठरतं, आणि ते ठरलं की स्वल्पविरामाचा प्रश्न आपोआप सुटतो.

आता प्रत्यक्ष मजकूर बघा. गावाकडून बातमी येते ती साधारण अशी:

'मंगळवारी सकाळी येळ्ळूर येथे झालेल्या बैठकीत शेतकऱ्यांनी, रस्त्यासाठी जमीन देणार नाही असा निर्धार केला, तर तहसीलदारांनी निवेदन स्वीकारले, आणि अहवाल पाठवतो असे सांगितले, यावेळी महिलाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या.'

क्रियापदांखाली रेघा मारल्या की दिसतं: देणार नाही, केला, स्वीकारले, पाठवतो, सांगितले, होत्या. एका वाक्यात सहा, आणि ती सगळी एका पातळीवर नाहीत. 'देणार नाही' हे शेतकऱ्यांच्या तोंडचं, 'पाठवतो' हे तहसीलदारांच्या तोंडचं. दोन्ही 'असा' आणि 'असे' यांच्या आत बसलेली आहेत. बाकीची चार बातमीदाराची.

पहिला स्वल्पविराम 'शेतकऱ्यांनी'च्या पुढे पडला आहे. वाचताना तिथे थांबावंसं वाटतं, हे खरं. पण 'शेतकऱ्यांनी' या कर्त्याचं क्रियापद 'केला' हे आहे, आणि मधे चिन्ह टाकून दोघांची ताटातूट झाली आहे. शेतकऱ्यांचे शब्द वेगळे दाखवायचे असतील तर अवतरणचिन्हं वापरा. दुसरा प्रश्न 'तर'चा. बातम्यांत ही सवय फार आहे. 'तर'च्या मागे 'जर' असावा, किंवा निदान दोन गोष्टींत विरोध असावा. इथे दोन्ही नाही, नुसती पुढची माहिती आहे. तिथे पूर्णविराम देऊन नवं वाक्य सुरू करावं. तिसरा स्वल्पविराम 'आणि'च्या आधीचा. निवेदन स्वीकारणारे आणि सांगणारे एकच, तहसीलदार. कर्ता तोच असताना 'आणि'आधी चिन्ह देऊन वाक्य तोडायचं काहीच कारण नाही.

नीट केल्यावर बातमी अशी होते:

'मंगळवारी सकाळी येळ्ळूर येथे झालेल्या बैठकीत शेतकऱ्यांनी "रस्त्यासाठी जमीन देणार नाही" असा निर्धार केला. बैठकीला महिलाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या. तहसीलदारांनी निवेदन स्वीकारले आणि अहवाल पाठवण्याचे आश्वासन दिले.'

महिलांचं वाक्य वर आणलं, कारण त्या बैठकीला होत्या, तहसीलदारांच्या अहवालाशी त्यांचा संबंध नाही. 'पाठवतो असे सांगितले' याचं 'पाठवण्याचे आश्वासन दिले' केलं, म्हणजे एक पूर्ण क्रियापद कमी झालं. मात्र असा बदल करण्याआधी बातमीदाराला फोन करून विचारावं. अधिकारी नुसतं बोलले की त्यांनी खरोखर आश्वासन दिलं, यात फरक आहे, आणि तो संपादकाने टेबलावर बसून ठरवायचा नाही.

आपल्या भागातल्या मुलांना एक गोष्ट उपजत येते, तिची त्यांना जाणीव नसते. आपण बोलताना म्हणतो, 'उद्या येतो म्हणून सांगितला.' आधी येण्याचं, मग सांगण्याचं. कन्नडमध्येही असंच, 'बर्तीनि अंत हेळिद'. आतलं वाक्य आधी येतं, त्यामागून 'म्हणून' किंवा 'अंत', आणि शेवटी मुख्य क्रियापद. प्रमाण लेखनात याचं 'उद्या येतो असे त्याने सांगितले' होतं. या रचनेला स्वल्पविराम लागतच नाही. 'त्याने सांगितले, की मी उद्या येतो' असं लिहिलं की आतलं वाक्य शेवटी जातं आणि सांधा उघडा पडतो. पुण्या-मुंबईचं वाचून आपली मुलं सगळीकडे 'की' लावायला लागतात आणि मग चिन्हापाशी अडतात. बोलण्यातली रचना गावंढळ नाही. 'असे'ने लिहा, वाक्य घट्ट होईल.

'की' वापरायचाच असेल तर चिन्ह आधी की नंतर, यावर वाद आहे. छापील मजकुरात 'म्हणाले की,' असं सर्रास दिसतं. माझं मत विचाराल तर 'की' पुढच्या वाक्याचा आहे, म्हणून चिन्ह द्यायचंच तर त्याच्या आधी द्यावं. वाक्य छोटं असेल तर मी मुळीच देत नाही. 'मला वाटतं की पाऊस येईल' यात चिन्हावाचून काही अडत नाही.

कन्नडमधून भाषांतर करताना दुसरीच कसोटी लागते. कन्नड आणि मराठी दोन्हींत क्रियापद शेवटी. 'माडि', 'होगि', 'बंदु' म्हणजे आपलं 'करून', 'जाऊन', 'येऊन'. त्यामुळे परिपत्रकातलं चार ओळींचं वाक्य जसंच्या तसं मराठीत उतरतं, आणि भाषांतरकाराला वाटतं काम झालं. व्याकरणाने ते चुकतही नाही, एकाच पूर्ण क्रियापदाचं केवल वाक्य असतं. पण अर्ज कोणी करायचा, तपासायचा कोणी आणि मंजूर कोणी करायचा, हे वाचणाऱ्या शेतकऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. अशा वाक्यात स्वल्पविराम पेरून उपयोग नाही. जिथे करणारा बदलतो तिथे वाक्य तोडा. 'अर्जदाराने कागदपत्रे जोडावीत. ती ग्रामलेखापाल तपासतील.' एवढं पुरतं.

काही ठिकाणी तर स्वल्पविरामाने प्रश्न सुटतच नाही. 'काका, मामा आले' या वाक्यात काकांना हाक मारली आहे की दोघं आले आहेत? चिन्ह दोन्हींत तेच. दोघं आले असतील तर 'काका आणि मामा आले' लिहावं. 'तालुक्यातील बंद शाळा, अंगणवाड्या आणि दवाखान्यांची यादी' यात बंद काय काय आहे? फक्त शाळा बंद असतील तर 'तालुक्यातील सर्व अंगणवाड्या, दवाखाने आणि बंद शाळा यांची यादी' असा क्रम बदला. खरेदीखतात किंवा वाटणीपत्रात हे फार जपावं लागतं. 'माझा भाऊ जो पुण्यात राहतो त्याच्या नावे' असं लिहिलं तर बाकीच्या भावांचं काय, हा प्रश्न उभा राहतो, आणि दोन स्वल्पविरामांवर जमीन सोडता येत नाही. तिथे भावाचं पूर्ण नाव लिहायचं आणि मिश्र वाक्य टाळायचं. वकिलाला दाखवल्याशिवाय त्या कागदातलं एकही चिन्ह हलवू नका.

इंग्रजी कामही घेणार असाल तर दोन फरक लक्षात ठेवा. 'पाऊस आला, वीज गेली, दळण राहिलं' असं मराठीत छान चालतं. इंग्रजीत मात्र दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं सहसा चूक धरतात, तिथे जोडशब्द, अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा. दुसरं, इंग्रजीत 'जेव्हा' किंवा 'जर'चं वाक्य आधी आलं तर त्यानंतर स्वल्पविराम देतात, आणि ते मागाहून आलं तर बहुधा देत नाहीत.

सराव घरीच करता येतो. रोजच्या पेपरातली एक बातमी घ्या, क्रियापदांखाली रेघा मारा आणि प्रत्येक स्वल्पविरामाला विचारा की तू कशाच्या मधे उभा आहेस. उत्तर मिळालं नाही तर तो काढून वाचून बघा. मग तीच बातमी सगळी केवल वाक्यांत लिहा. ती तुटक वाटेल, दम लागल्यासारखी. जिथे तुटक वाटते तिथेच दोन वाक्यं जोडा, बाकीची राहू द्या.

कामाच्या पहिल्या दिवशी तिथली पद्धत विचारून घ्या: 'की'च्या आधी चिन्ह देता की नंतर, शेवटच्या 'आणि'आधी देता का, अवतरणाच्या आत पूर्णविराम की बाहेर. दोन छापखान्यांची पद्धत सारखी नसते, आणि तुम्हाला पटली नाही तरी त्या जागी तीच पाळायची. अहवालात अध्यक्षांचं मनोगत असेल तर त्यांची लांब वाक्यं परस्पर तोडू नका. तोडलेलं वाक्य शेजारी लिहून त्यांना दाखवा. बहुतेक जण आनंदाने 'हो' म्हणतात.