नववी-दहावीत येताय? खेळाचं आधी बघा

उन्हाळ्यात भारतातून न्यू जर्सीत आलेले आईबाप आधी विचारतात ते गणिताचा कुठला वर्ग मिळेल आणि एसएटी (कॉलेजप्रवेशाची परीक्षा) कधी द्यायची. ते शाळेच्या कौन्सेलरशी बोलून ठरवायला पुढे भरपूर वेळ असतो. शाळेच्या संघात खेळायची मुदत मात्र शाळा उघडायच्या आतच निघून जाते, म्हणून आधी तेवढं सांगते.

एडिसनचं उदाहरण घ्या. गावात दोन सरकारी हायस्कुलं: एडिसन हाय आणि जे. पी. स्टीव्हन्स. घर ज्या हद्दीत, ती शाळा. खेळाचे हंगाम तीन: फॉल (पानगळीचा), विंटर, स्प्रिंग. फॉलचा सराव ऑगस्टमध्येच सुरू होतो. शाळा सुरू झाली की चौकशी करू म्हणाल, तर सॉकरच्या ट्रायआउट्स, म्हणजे संघनिवडीच्या चाचण्या, आटोपलेल्या असतात.

सगळ्यात जास्त मुलं अडतात ती फिजिकलपाशी, म्हणजे खेळण्याआधीच्या डॉक्टरी तपासणीपाशी. त्याला राज्याचा ठरावीक फॉर्म लागतो. पुण्याहून आणलेलं फिटनेस सर्टिफिकेट चालत नाही. तपासणी सराव सुरू होण्याआधीच्या 365 दिवसांतली हवी, आणि ती करणाऱ्याने खेळाडूंच्या हृदयतपासणीचं राज्याचं प्रशिक्षण पूर्ण केलेलं हवं. अपॉइंटमेंट घेतानाच हे विचारा. फॉर्म नंतर शाळेच्या डॉक्टरकडे जातो, त्यात दिवस मोडतात. तो मंजूर होईपर्यंत मुलाला सरावाला उभं करत नाहीत. लसीकरणाचे कागद शाळाप्रवेशासाठी लागतात, ते वेगळे.

खेळ कुठला? क्रिकेटचा संघ मिळेल ही आशा धरू नका. मुलगा एखाद्या खेळात तयार नसेल तर मी डोळे झाकून क्रॉस कंट्री, म्हणजे मोकळ्या मैदानातली लांब पल्ल्याची धाव, सांगते. बऱ्याच शाळांत त्यातून कोणाला गाळत नाहीत, तरी कोचला विचारून घ्या. खर्च मुख्यतः चांगल्या बुटांचा. शर्यत साधारण 5 किलोमीटरची. व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य संघात, सात जण धावतात, त्यातल्या पहिल्या पाचांचे गुण धरतात; बाकीची मुलं जेव्हीत, म्हणजे दुसऱ्या फळीत, धावतात. न्यू जर्सीतल्याच होमडेल पार्कच्या शर्यतीला जरूर जा. तिथे ‘बोल’ नावाचा खोलगट भाग आहे: मुलं उतारावरून सुसाट खाली येतात आणि लगेच उभा चढ लागतो. त्या चढापाशी उभं राहिलात तर दिसेल, शेवटच्या मुलालाही दुसऱ्या शाळांचे पालक ओरडून ओरडून हुरूप देत असतात. नव्या देशात आलेल्या मुलाला याची फार गरज असते. शिवाय शाळेच्या पहिल्या दिवशी डबा खायला कोणाशेजारी बसायचं हा प्रश्न ऑगस्टच्या सरावातच सुटलेला असतो.

क्लबांना एवढी घाई नाही. सप्टेंबरच्या सुमारास त्यांची ओळख करून देणारा मेळावा होतो: डेका (व्यवसाय-व्यापाराच्या स्पर्धांचा), मॉडेल यूएन (संयुक्त राष्ट्रांसारख्या सभा भरवणारा), सायन्स ऑलिम्पियाड, डिबेट, रोबोटिक्स. आपले लोक कॉलेजच्या अर्जावर नजर ठेवून मुलाला पाच-सहा ठिकाणी नाव घालायला लावतात. कृपा करून तसं करू नका. पहिल्या वर्षी एक खेळ आणि एक क्लब पुरे, आणि क्लब मुलानेच निवडावा. रोबोटिक्स निवडला तर यंत्र बांधायचा हंगाम असतो, काही स्पर्धांत तो जानेवारीपासून. संध्याकाळी उशीर होणार हे धरून चला.

आणि घरी कसं यायचं ते आधी ठरवा. सराव संपेपर्यंत नेहमीची पिवळी बस गेलेली असते. लेट बस आहे का, कुठल्या दिवशी, हे ऑफिसात विचारा. नसेल तर संघातल्या दोन-तीन पालकांचे फोन नंबर पहिल्याच आठवड्यात घेऊन कारपूल लावा.