अमेरिकन टीव्हीच्या डायलॉगवर थीसिस करायचाय? मग फोन ठेवतानाचा सीन बघा

मास्टर्स किंवा पीएचडीला अमेरिकन लिटरेचर घेतलंय, सोबत टीचिंग असिस्टंट म्हणून परदेशी मुलांना इंग्रजी शिकवावं लागतंय आणि रात्री एक एपिसोड बघितल्याशिवाय झोप येत नाही, असे लोक कधी ना कधी ठरवतातच की आपण टीव्ही डायलॉगवर थीसिस करू. विषय झकास आहे, फक्त बहुतेकांचं घोडं पहिल्याच प्रश्नावर अडतं, कारण तो प्रश्न असतो "टीव्हीवरचं इंग्रजी खरं असतं का?" आणि याचं उत्तर थीसिस तपासणाऱ्या कमिटीतल्या प्रत्येकाला आधीच माहीत असतं. नसतं खरं. कुणीतरी बसून लिहिलेलं असतं, नटानी पाठ केलेलं असतं, एडिटरनी कापलेलं असतं आणि दोन पात्रं एकमेकांशी बोलताहेत असं दाखवून ते ऐकवायचं असतं तिसऱ्यालाच, म्हंजे सोफ्यावर बसलेल्या आपल्याला. त्यामुळे विचारायचं ते असं की खऱ्या बोलण्यातलं नेमकं काय गाळलंय, आणि ते गाळून लेखकानी काय साधलं. हा प्रश्न लिटरेचरवाल्यांनाही चालतो, भाषा शिकवणाऱ्यांनाही चालतो.

आधी काय झालंय ते बघून घ्या नाहीतर दोन वर्षांनी कळतं की आपलं काम कुणीतरी आधीच करून ठेवलंय. फ्रेंड्सवर तर भरपूर झालंय. टॅग्लियामाँटे आणि रॉबर्ट्स यांनी २००५ साली त्यातले सो, व्हेरी, रियली हे जोर देणारे शब्द मोजले, त्यात सो सगळ्यात पुढे निघाला आणि बायकांच्या तोंडी जास्त. क्वाग्लिओ यांचं २००९ चं पुस्तक पूर्ण फ्रेंड्सवरच आहे, खऱ्या अमेरिकन संभाषणांशी तुलना करून त्यांनी दाखवलं की ढाचा बऱ्यापैकी सारखा आहे पण मालिकेत भावनेची भाषा जास्त आणि 'काइंड ऑफ', 'यू नो' छापाचं मोघम बोलणं कमी. मोनिका बेडनारेक यांनी सिडनीत ६६ अमेरिकन मालिकांमधून प्रत्येकी एक एपिसोड घेऊन जवळपास पावणेतीन लाख शब्दांचा कॉर्पस, म्हंजे अभ्यासासाठी गोळा केलेला भाषेचा साठा, बांधलाय. एवढं वाचून झालं की आपल्याला जागा कुठे उरलीय ते आपोआप दिसायला लागतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की 'एक मालिका, सगळी भाषा' हा प्लॅन आता सोडून द्यावा, त्याऐवजी 'एकच गोष्ट, बऱ्याच मालिका' धरावं.

एकच गोष्ट म्हंजे किती बारीक, तर हे उदाहरण घ्या, मी पुढे सगळं याच्यावरच सांगणार आहे. अमेरिकन मालिकांमधे लोक फोनवर बाय म्हणत नाहीत ही चेष्टा सगळ्यांनी ऐकलेली असते. चेष्टेवर थीसिस होत नाही, पण तिच्यामागे पक्कं शास्त्र आहे. शेग्लॉफ आणि सॅक्स यांनी १९७३ च्या पेपरमधे दाखवलं की संभाषण आपोआप संपत नाही, ते दोघांना मिळून संपवावं लागतं. आधी एक जण 'वेल', 'ओके', 'सो' असं काहीतरी टाकून चाचपणी करतो, म्हंजे आता मला नवीन काही बोलायचं नाहीये, तुला आहे का? समोरच्यानी पण ओके म्हटलं तर पुढे सरकायचं, ठरलेली गोष्ट परत एकदा उच्चारायची आणि मग बाय-बाय. कागदावर साधारण असं दिसतं:

"वेल… ओके देन."
"ओके."
"सो थर्सडे."
"थर्सडे, या."
"ऑलराइट."
"बाय."
"बाय-बाय."

सात वेळा बोलणं आणि नवीन माहिती शून्य. मालिकेत याच जागी असतं "आय विल बी देअर इन टेन मिनिट्स" आणि खटकन फोन खाली. आता थांबून विचार करा की हे सातच्या सात वाक्य कापल्यानी काय झालं. वेळ वाचला हे तर झालंच, अर्ध्या तासाच्या स्लॉटमधल्या सिटकॉमला जाहिराती वजा जाता २२ मिनिटांच्या आसपासच मिळतात. पण शिवाय सीनचं शेवटचं वाक्य वजनदार राहिलं, पात्र घाईत आहे हे कळलं आणि कॅमेऱ्याला फोन ठेवणाऱ्याच्या चेहऱ्यावर थांबता आलं. आणि मग ज्या एखाद्या सीनमधे बाय म्हटलं जातं, दोनदोनदा म्हटलं जातं, तिथे ते का ठेवलं असेल? बहुतेक वेळा तिथे कुणीतरी कुणालातरी सोडायला तयार नसतं. थीसिसचा सगळ्यात चांगला चॅप्टर इथून निघतो, नुसत्या मोजणीतून नाही.

लिटरेचर डिपार्टमेंटवाले इथे विचारणार की यात लिटरेचर कुठाय. घाबरू नका, उत्तर तयार आहे. टेनेसी विल्यम्सच्या द ग्लास मेनाजरीमधे (पहिला प्रयोग शिकागोत, १९४४) अमांडा फोनवरून मासिकाची वर्गणी विकत असते, आपल्याला फक्त तिचीच बाजू ऐकू येते आणि समोरची बाई मधेच फोन ठेवून देते. न मिळालेल्या बायमधे अमांडाची सगळी परिस्थिती येते. दुसरं पॅडी चायेफ्स्कीचं मार्टी, हे तर १९५३ मधे टीव्हीसाठीच लिहिलेलं नाटक, एनबीसीवर लाइव्ह झालं, पुढे १९५५ ला सिनेमा झाला आणि ऑस्करही मिळालं, त्यातही फोन आहेच. म्हंजे रंगमंच ते टीव्ही असा एक सलग रस्ता तुम्हाला दाखवता येतो. अलीकडचं हवं असेल तर द वायर (एचबीओ, २००२ ते २००८) घ्या, तिच्या लेखकांत रिचर्ड प्राइस, जॉर्ज पेलेकानोस, डेनिस लेहेन असे नावाजलेले कादंबरीकार होते, आणि कथाच पोलिसांनी चोरून ऐकलेल्या फोनवर उभी. यापेक्षा जास्त काय पाहिजे! टीव्हीला लिटरेचर म्हणावं का यावर पंधरा पानं खर्च करू नका, दोन पानात आटपा आणि कामाला लागा.

आता डेटा. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि इथेच लोक हात आखडता घेतात. नेटवर फॅन लोकांनी उतरवलेले ट्रान्सक्रिप्ट मिळतात, सबटायटल फाइली मिळतात, मोठे तयार कॉर्पस पण आहेत, मार्क डेव्हिस यांचा टीव्ही कॉर्पस ३२ कोटी शब्दांच्या वर आहे. शोधायला हे सगळं मस्त आहे. पण सबटायटलमधे वाचण्याच्या सोयीसाठी 'अं', 'वेल', अर्धवट शब्द गाळले जातात आणि आपल्याला तर नेमकं तेच पाहिजे असतं. शिवाय फोन कुणी ठेवला, आधी ठेवला की बोलणं झाल्यावर, हे सबटायटलमधे नसतंच. म्हणून कॉर्पस आणि सबटायटलवरून फोनचे सीन फक्त हुडका, आणि प्रत्येक सीन स्वतः बघून, परत परत ऐकून उतरवा. पॉज किती सेकंदांचा, कोण कुणाच्या वाक्यावर बोललं, हे लिहायला जेफरसन पद्धतीची चिन्हं शिकून घ्या, सगळी लागत नाहीत, निम्म्यात काम होतं. ईलान नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, व्हिडिओखाली ओळी लावून वेळेसकट उतरवता येतं. शब्द मोजायला ॲंटकाँक, तेही फुकट.

एपिसोड आवडीचे निवडायचे नाहीत. नियम आधी लिहून काढा, उदाहरणार्थ प्रत्येक सीझनमधून लॉटरी काढून दोन, पायलट (मालिकेचा पहिला एपिसोड) आणि शेवटचा एपिसोड सोडून कारण हे दोन्ही एपिसोड नेहमीसारखे नसतात. एक सिटकॉम, एक पोलिसांची, एक घरगुती ड्रामा अशी सरमिसळ ठेवली तर 'हे फक्त विनोदी मालिकेत होतं' हा आक्षेप तिथेच मिटतो. आणि लॉस एंजेलिसला जाणं जमत असेल तर रायटर्स गिल्ड फाउंडेशनची लायब्ररी आहे, तिथे टीव्हीच्या स्क्रिप्ट बसून वाचता येतात. याचा फायदा असा की बाय मुळात लिहिलंच नव्हतं की लिहिलेलं नंतर कापलं, हे कळतं. दोन्हीचा अर्थ वेगळा.

तुलनेसाठी खरे फोन लागतात. सँटा बार्बरा कॉर्पस चांगला आहे, फुकट आहे, पण त्यात समोरासमोरचं बोलणंच जास्त. फोनसाठी लोक कॉलहोम नावाच्या कॉर्पसकडे धावतात, १२० अमेरिकन इंग्रजी कॉल, घरच्यांशी आणि मित्रांशी केलेले. आता गोम ऐका. हे कॉल अर्ध्या तासापर्यंतचे आहेत पण ट्रान्सक्रिप्ट त्यातल्या सलग पाच किंवा दहा मिनिटांचंच आहे, म्हंजे कॉलचा शेवट ट्रान्सक्रिप्टमधे असेलच असं नाही! शिवाय कॉल फुकट होता, वेळेची मर्यादा होती, आपण रेकॉर्ड होतोय हेही बोलणाऱ्यांना ठाऊक होतं. तेव्हा टेक्स्ट फाइलमधे बाय शोधून 'खरे लोकही बाय म्हणत नाहीत' असा निष्कर्ष काढलात तर डिफेन्सला, म्हंजे थीसिसच्या तोंडी परीक्षेला, तोंडावर पडाल. डेटासोबत येणारी माहितीपत्रकं अक्षर न् अक्षर वाचा. कंटाळवाणी असतात, तरी वाचा.

मोजताना अजून एक. कॉर्पसवाल्यांची सवय असते दर दहा हजार शब्दांमागे किती असं काढायची, सो किंवा वेलसाठी ते बरोबरच आहे. पण फोनचा शेवट कॉलमागे एकदाच येतो, त्यामुळे इथे भागायचं ते कॉलच्या संख्येनी. आणि कुठले कॉल? समजा तुम्हाला ८० कॉल सापडले, त्यातल्या ३० मधे कॉल चालू असतानाच सीन बदलला, उरलेल्या ५० मधे फोन ठेवताना दिसला आणि ६ ठिकाणी बाय आलं. ८० नी भागलं तर साडेसात टक्के, ५० नी भागलं तर १२ टक्के. कुठला आकडा खरा? माझ्या मते ५० वाला मुख्य आणि ते ३० वेगळे दाखवायचे, कारण तो निर्णय लेखकाचा कमी आणि एडिटिंगचा जास्त. तुम्हाला उलटं वाटत असेल तरी चालेल, फक्त कारण लिहा. कोडिंग, म्हंजे प्रत्येक सीनला ठरलेल्या व्याख्येप्रमाणे खूण लावणं, एकट्यानी करू नका, एखाद्या मित्राला पंधरा-वीस टक्के सीन द्या, तुमचे कोड न दाखवता, आणि दोघांचं किती जुळलं ते 'कोहेन्स काप्पा' या जुळणी मोजायच्या सूत्रानी काढा. जुळलं नाही तर मित्राशी भांडू नका, तुमच्या व्याख्येत गोंधळ आहे.

शिकवण्याचा भाग. लोक इथे 'सिरीज बघून इंग्रजी सुधारतं का' असा पसारा मांडतात, तो आवरत नाही. वेब आणि रॉजर्स यांनी २००९ मधे ८८ कार्यक्रम तपासून काढलं होतं की साधारण ३,००० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) आणि विशेषनामं वगैरे येत असतील तर ९५ टक्क्यांच्या आसपास शब्द ओळखीचे होतात, आणि ९८ टक्क्यांसाठी ७,००० लागतात. त्यामुळे क्लास कुठल्या पातळीचा घ्यायचा त्याचा अंदाज येतो, तेवढं घ्या आणि आपल्या मुद्द्यावर या. मालिकेत जे गाळलंय तेच धड्याचं साहित्य. क्लिप दाखवायची, फोन खटकन ठेवला की थांबवायची आणि मुलांना सांगायचं की मधली गाळलेली वाक्यं लिहा, मग जोडीजोडीनी बोलून दाखवा. नंतर खरा कॉल ऐकवायचा. वेल आणि ओके कुठे पडतं हे मुलांच्या कानाला तेव्हा जाणवतं, नुसतं सांगून जाणवत नाही. श्मिट यांची १९९० ची नोटिसिंगची कल्पना, म्हंजे भाषेतली गोष्ट आधी लक्षात आली तरच ती शिकली जाते, इथे आधाराला बरोबर बसते. आधी आणि नंतर रोलप्ले रेकॉर्ड करा, लेखी परीक्षा नको, कारण लिहिताना सगळेच बाय लिहितात.

हे करायच्या आधी, परत सांगतो आधी, युनिव्हर्सिटीच्या आयआरबीची, म्हंजे माणसांवरचं संशोधन तपासणाऱ्या समितीची, परवानगी. अमेरिकेतल्या नियमांत वर्गातलं नेहमीचं शिकवणं अभ्यासणाऱ्या संशोधनाला बऱ्याचदा एक्झेम्प्ट, म्हंजे पूर्ण तपासणीतून सूट असलेलं, धरतात पण ते ठरवणार आयआरबी, तुम्ही नाही. त्यातून मुलं तुमच्याच वर्गातली आणि मार्क देणारे तुम्हीच, मग ती नाही कशी म्हणणार? संमतीचे फॉर्म दुसऱ्या कुणाकडून भरून घ्या आणि ग्रेड लागेपर्यंत कुणी हो म्हटलं ते स्वतः बघू नका.

कमिटीत एक माणूस लिटरेचरचा आणि एक अप्लाइड लिंग्विस्टिक्स किंवा टीसॉलचा (परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा विषय) असलाच पाहिजे. दोघांची भाषा वेगळी असते, एकाला टेबल बघून झोप येते, दुसऱ्याला आकडा नसला की चैन पडत नाही. प्रपोजलच्या मीटिंगलाच विचारून घ्या की संदर्भ एमएलए पद्धतीनी द्यायचे की एपीए, कारण शेवटच्या महिन्यात सगळे संदर्भ एकातून दुसऱ्यात बदलणं म्हंजे शिक्षा आहे. चॅप्टर लिहिताना आकडे एकीकडे आणि सीनचं वाचन दुसरीकडे असे दोन कप्पे करू नका, आकड्यात जो कॉल विचित्र दिसतो त्याचंच बारकाईनं वाचन पुढच्या पानावर द्या.

कॉपीराइटची भीती बऱ्याच जणांना असते. १९७६ च्या कायद्यातलं १०७ कलम फेअर यूजचं आहे, टीकेसाठी आणि संशोधनासाठी थोडं उद्धृत करायला त्यात जागा आहे, पण इतक्या सेकंदांपर्यंत चालतं असा ठरलेला आकडा कुठेही नाही, कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. थीसिस ऑनलाइन जमा होणार असेल तर लायब्ररीतल्या कॉपीराइटवाल्यांना एकदा भेटा. माझा सल्ला, पूर्ण एपिसोडचं ट्रान्सक्रिप्ट अपेंडिक्सला जोडूच नका, क्लिप तर नाहीच. मालिका, सीझन, एपिसोड, मिनिट-सेकंद आणि तुमचा कोड एवढं टेबल द्या, ज्याला पडताळायचंय तो स्वतः लावून बघेल.