पाटे काढण्याआधी: जुन्या गाडीला एअर सस्पेन्शन

एअर बॅग, म्हणजे सस्पेन्शनमधली हवेची रबरी पिशवी, फक्त वजन उचलते. पाटे (लीफ स्प्रिंग) मात्र वजन तर पेलतातच, शिवाय अ‍ॅक्सल जागेवर धरतात, आणि क्लच सोडताना किंवा ब्रेक मारताना अ‍ॅक्सलला बसणारा पीळही रोखतात. पाटे काढून तिथे नुसत्या बॅगा ठेवल्या तर अ‍ॅक्सल धरायला कोणीच उरत नाही. त्यामुळे कंप्रेसर, टाकी आणि बटणे हा या कामाचा सोपा भाग. वेळ आणि डोके खर्च होते ते लिंक (अ‍ॅक्सलला चॅसीशी जोडून धरणारे दांडे), ब्रॅकेट आणि स्टॉप (हालचाल मर्यादेवर थांबवणारे अडसर) यांवर.

सुरुवात वजनकाट्यापासून करा. चारही चाकांवरचे वजन वेगवेगळे मोजा आणि त्यातून चाक, ब्रेक आणि अ‍ॅक्सलचा वाटा वजा करा. समजा पुढच्या एका चाकावर ३०० किलो आहे आणि त्यातले ४० किलो चाकाकडचे. उरले २६०. बॅग लोअर आर्मच्या (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) मधोमध बसणार असेल तर तरफेच्या हिशेबाने तिच्यावर दुप्पट, म्हणजे ५२० किलो भार येतो. बॅगेचे परिणामी क्षेत्रफळ (हवेचा दाब ज्यावर प्रत्यक्ष भार उचलतो ते) १५० चौरस सेंटिमीटर धरले तर लागणारा दाब सुमारे ३.५ किलो प्रति चौ. सेंमी, म्हणजे ५० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास. हे बरे आहे. हिशेब १०० पीएसआयच्या पुढे जात असेल तर बॅग लहान पडते आहे. मोठी घ्या किंवा ती चाकाच्या दिशेला सरकवा. आर्मच्या मधोमध बसवलेल्या बॅगेला चाकाच्या निम्मीच हालचाल मिळते, हेही लक्षात असू द्या: चाक १५० मिमी हलले तर बॅग ७५ मिमी.

बॅगेचे निर्मात्याने दिलेले तक्ते हाताशी ठेवा. किमान उंची, कमाल उंची, कमाल दाब आणि फुगल्यावरचा व्यास हे चार आकडे हवेतच. गाडी चालवण्याची उंची बॅगेच्या हालचालीच्या साधारण मध्यावर यावी.

मागचा अ‍ॅक्सल

चॅसी आधी हातोडीने वाजवून आणि खरवडून तपासा. गंजलेल्या पत्र्यावर ब्रॅकेट वेल्ड करणे म्हणजे काम दोनदा करणे. उघडी सी-चॅनल चॅसी असेल तर ब्रॅकेटच्या जागी तिला आतून पट्टी लावून बंद करा. स्वतंत्र चॅसी नसलेल्या गाडीत भार एका बिंदूवर देऊ नका. ५-६ मिमीची प्लेट वरून आणि खालून लावून तो पसरवा.

अ‍ॅक्सलसाठी दोन खालच्या आणि दोन वरच्या लिंक लागतात. वरच्या दोन तिरक्या ठेवता आल्या तर आडवी हालचाल त्याच रोखतात. जागा नसेल तर चारही सरळ ठेवून पॅनहार्ड रॉड (एका टोकाला अ‍ॅक्सल आणि दुसऱ्या टोकाला चॅसीला जोडलेला आडवा दांडा) बसवा. हा रॉड जितका लांब तितका चांगला, आणि गाडी चालवण्याच्या उंचीवर तो आडवा समतल हवा. ८०० मिमीचा रॉड असेल तर चाके ७५ मिमी वरखाली होताना अ‍ॅक्सल बाजूला साडेतीन मिमी सरकतो. ४०० मिमीच्या रॉडने हेच ७ मिमी होते आणि खड्ड्यात गाडी बाजूला उडी मारल्यासारखी वाटते.

लिंकच्या टोकांना रबर किंवा पॉलियुरेथेन बुश चालतात. बोल्ट शेवटचे कसायचे ते गाडी चालवण्याच्या उंचीवर आणून. हवेत लटकलेल्या अ‍ॅक्सलवर रबर बुश कसले तर ते कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. डिफरन्शियलच्या नाकाचा कोनही याच उंचीवर बसवा: गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि पिनियन शाफ्ट (डिफरन्शियलच्या नाकातून आत जाणारा) एकमेकांना समांतर हवेत. नाहीतर एका ठरावीक वेगाला थरथर येते आणि लोक टायर बदलत बसतात.

वेल्डिंग करताना बॅग जवळपासही नको. तिच्या उंचीचा आणि फुगलेल्या व्यासाचा पुठ्ठ्याचा डबा करून तो जागेवर ठेवा, ब्रॅकेटला टाके मारा, अ‍ॅक्सल पूर्ण खाली आणि पूर्ण वर नेऊन बघा, मगच पक्के वेल्ड करा. बॅटरीची वायर आधी काढून ठेवा. डब्याभोवती सगळीकडे किमान १५ मिमी मोकळी जागा हवी. एक्झॉस्टपासून त्याहून बरीच जास्त. बॅग फुटल्याच्या तक्रारींत बहुतेक वेळा दोष बॅगेचा नसतो, ती कुठल्या तरी बोल्टच्या टोकाला घासत असते.

पुढची बाजू

कॉइल स्प्रिंगच्या गाडीत स्प्रिंगच्या खळग्यातच बॅग बसते, पण शॉकअब्सॉर्बर स्प्रिंगच्या आतून जात असेल तर त्याला बाहेर नवी जागा करावी लागते. खळग्याच्या कडा ग्राइंडरने गोल करा. जुन्या ब्रिटिश गाड्यांतले लीव्हर प्रकारचे शॉकअब्सॉर्बर बॅगेची उसळी आवरायला कमी पडतात. तिथे दुर्बिणीसारखे आत-बाहेर सरकणारे नेहमीचे शॉकअब्सॉर्बर लावा.

आता बहुतेक जण टाळतात ती गोष्ट: स्टॉप. बॅग पूर्ण दबण्याआधी रबरी स्टॉप टेकला पाहिजे, आणि शॉकअब्सॉर्बर पूर्ण ताणला जाण्याआधी वरची मर्यादा आली पाहिजे. त्यासाठी पट्टा किंवा साखळी लावतात. गाडी अगदी खाली आणि अगदी वर असताना स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. ब्रेकचा होज ताणला जातो का, टायर मडगार्डला लागतो का, हँडब्रेकची केबल अडते का, हे तेव्हाच दिसते.

हवा आणि वीज

डावी-उजवी बॅग एकाच नळीवर जोडू नका. वळणावर बाहेरची बॅग दबते, तिच्यातली हवा आतल्या बॅगेत जाते आणि गाडी आणखी कलते. चार बॅगा, चार स्वतंत्र वाल्व.

टाकी ११ ते १९ लिटरची पुरते. प्रेशर स्विच ११० ला चालू आणि १४५ पीएसआयला बंद होणारा, आणि टाकीच्या कमाल दाबाच्या आत उघडणारा सेफ्टी वाल्व. कंप्रेसरमधून निघणारी हवा चांगलीच तापलेली असते, म्हणून त्याच्यापासून टाकीपर्यंत धातूच्या जाळीचा होजच लावा. प्लॅस्टिक नळी तिथे मऊ पडून निसटते. टाकीच्या तळाला पाणी सोडण्याचा कॉक हवा. ते पाणी वाल्वपर्यंत गेले की वाल्व अडकतात.

नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापा. कात्रीने चेपलेले टोक गळणारच. निमुळत्या आट्यांवर टेफ्लॉन टेप लावताना पहिले दोन आटे मोकळे सोडा, नाहीतर टेपचा तुकडा वाल्वमध्ये जाऊन बसतो. १९५७च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅमला एअर सस्पेन्शन कारखान्यातूनच आले होते, आणि गळतीला कंटाळून अनेक मालकांनी ते काढून कॉइल बसवल्या. आजही हवा जाते ती बहुधा जोडांतूनच. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावा, मग गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी प्रत्येक चाकाशी उंची मोजा.

कंप्रेसर १२ व्होल्टवर २५ अँपिअरच्या आसपास ओढतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांतला ल्यूकस सी-४० डायनॅमो जेमतेम २२ देतो, तेही इंजिन वेगात असताना. म्हणजे अल्टरनेटर हवाच. ६ व्होल्टची गाडी आधी १२ वर आणा, आणि पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले) असेल तर इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर जोडण्यापूर्वी ती निगेटिव्ह करून घ्या. कंप्रेसरची वायर ६ चौरस मिमी, बॅटरीजवळ ४० अँपिअरचा फ्यूज, आणि मध्ये रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). डॅशबोर्डच्या बटणातून थेट करंट नेला तर बटण वितळते.

पहिली हवा

न बसवलेल्या बॅगेत हवा भरून पाहू नका, ती अनियंत्रित फुगून फुटू शकते. गाडी स्टँडवर असताना आधी थोडीच हवा सोडा, सगळीकडून मोकळी जागा पाहा, मग वाढवत न्या. हवेच्या भरवशावर गाडीखाली शिरायचे नाही, स्टँड लागलेच पाहिजेत. बॅग रिकामी असताना गाडी चालवू नका; रबराची घडी चिमटते आणि फाटते.

चालवण्याची उंची नक्की झाली की तिची खूण मडगार्डच्या कडेपासून मोजून लिहून ठेवा आणि अलाइनमेंट त्याच उंचीवर करून घ्या. उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची तोंडे आत की बाहेर वळलेली) दोन्ही बदलतात. पहिल्या २००-३०० किलोमीटरनंतर लिंकचे सगळे बोल्ट पुन्हा कसा. काढलेले पाटे, शॅकल आणि यू-बोल्ट तेल लावून जपून ठेवा.